पॅनियर गार्ड घ्यावेत का? दोन गार्ड, तीन पडझडी आणि एक सरळ काठी

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कडक पेट्या बसवल्या, म्हणजे ज्यांना आपण पॅनियर म्हणतो त्या, की थोड्याच दिवसांत पुढचा प्रश्न उभा राहतो: या पेट्यांना संरक्षक गार्ड लावावेत की नाही? विकणारे चकचकीत नळ्यांची छायाचित्रे दाखवतात, लावणारे बहुतेक जण आपण समाधानी असल्याचे सांगतात, आणि ज्यांची गाडी कधी पडलेलीच नसते त्यांचे समाधान सर्वांत जास्त असते. माझी गाडी गार्ड लावलेल्या अवस्थेत आतापर्यंत तीन वेळा आडवी झाली आहे. त्यांपैकी दोन वेळा गार्डने पेटी वाचवली आणि एकदा गार्डनेच पेटी फोडली, त्यामुळे या वस्तूबद्दल कौतुक आणि तक्रार या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत.

आधी गाडी पडते कशी हे पाहू, कारण गार्डची उपयुक्तता त्यावरच ठरते. सामान लादलेली गाडी बहुधा उभ्या उभ्या पडते. वळवताना खडीत पाय घसरतो, साइड स्टँड मऊ मातीत रुततो, मागे बसणारा माणूस चढताना एका बाजूला झुकतो आणि तोल जातो. रिकामी गाडी अशा वेळी मांडीच्या जोरावर सावरता येते; पेट्या भरलेल्या असल्या की एका मर्यादेपलीकडे ती सावरत नाही आणि शहाण्या माणसाने मग हात सोडून बाजूला व्हावे. इंधन आणि सामान धरून २५० किलो वजनाची गाडी घेतली आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे असे मानले, तर ती सरळ उभी असताना कलंडून ४५ अंशांवर अडेपर्यंत हा गुरुत्वमध्य सुमारे १६ सेंटिमीटर खाली येतो. त्यातून मोकळी होणारी ऊर्जा जवळपास ४०० जूल भरते, म्हणजे ४० किलोचे पोते एक मीटर उंचीवरून सोडल्याइतकी. वेग शून्य असूनही हा दणका लहान नाही.

हा दणका पेटीने स्वतःच्या अंगावर घेतला तर काय होते ते तिच्या साहित्यावर अवलंबून असते. प्लास्टिकची पेटी लवचिक असते, बऱ्याचदा नुसती खरचटून सुटते, पण मार बिजागरीवर किंवा कुलपाच्या खाचेवर बसला की तिला तडा जातो आणि तो नीट सांधता येत नाही. अॅल्युमिनियमच्या पेटीचा पत्रा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा असतो; त्याला पोचा येतो. पोचा दिसायला वाईट असला तरी खरे नुकसान तो नसतो. पेटीचे तोंड चौकोनी राहत नाही, झाकणाचे रबर एका कोपऱ्यात टेकत नाही, आणि पुढच्या पावसात कपडे ओले निघाल्यावर ते लक्षात येते. लाकडी ठोकळा आत धरून हातोडीने पत्रा बराचसा सरळ करता येतो, हा मात्र अॅल्युमिनियमचा मोठा गुण आहे.

पहिला गार्ड मी दिसण्यावर भुलून घेतला. २२ मिलिमीटर व्यासाची नळी, वर काळे पावडर कोटिंग, आणि बसवायला अगदी सोपा, कारण तो चेसिसला न लागता, पेटी ज्या चौकटीवर बसते त्या रॅकलाच चार क्लॅम्पनी धरला जात होता. हा सोपेपणाच पुढे नडला. एके दिवशी गाडी थांबवून डावा पाय टेकायला गेलो, तो पाय नेमका खळग्यात गेला आणि गाडी सावकाश, मला विचार करायला वेळ देत, डावीकडे निजली. उचलल्यावर प्रथम गार्ड पाहिला तर त्यावर जेमतेम एक चरा होता, आणि मी मनातल्या मनात त्याला शाबासकीही दिली. मग पेटी उघडायला गेलो तर कुलपात किल्ली फिरेना. वाकून पाहिले तेव्हा उलगडा झाला. चारही क्लॅम्प रॅकच्या नळीवर गोल फिरले होते, गार्डचा खालचा बाक चार बोटे आत सरकला होता, आणि त्याच्या कोपऱ्यावरचे वेल्डिंगचे टोक पेटीच्या तळात अंगठा जाईल एवढे भोक पाडून तिथेच रुतून बसले होते. आत घडी करून ठेवलेल्या रेनकोटाची बाही त्या भोकातून बाहेर डोकावत होती.

गार्ड लावला नसता तर पेटीचा कोपरा खरचटला असता, इतकेच. शिवाय क्लॅम्प फिरताना रॅकही थोडा पिळला गेला, त्यामुळे ती पेटी नंतर बसवताना दर वेळी गुडघ्याने रेटावी लागे. या गार्डबद्दल निर्मात्याकडे तक्रार केली तेव्हा क्लॅम्प पुरेसे घट्ट केले नसतील असे उत्तर आले. ते खरे असेलही. पण गोल नळीवर गोल क्लॅम्प केवळ घर्षणाने धरून ठेवायचा आणि त्यावर अडीचशे किलोची गाडी टेकवायची, हा आराखडाच मुळात चुकीचा आहे असे माझे मत आहे आणि ते अजून बदललेले नाही.

त्यानंतर दुसरा गार्ड घेण्यापूर्वी मी एक साधी परीक्षा शोधून काढली आणि आता कोणाचीही गाडी पाहिली की ती करून पाहण्याचा मोह होतो. गाडी मेन स्टँडवर किंवा कोणाच्या तरी मदतीने सरळ उभी करावी. एक लांब, सरळ काठी घ्यावी. तिचे एक टोक मागच्या टायरच्या कडेला जमिनीवर टेकवावे आणि काठी वर उचलत गार्डच्या सर्वांत बाहेरच्या भागाला लावावी. ही काठी म्हणजे गाडी पडल्यावरची जमीन. आता काठी तशीच वर जाऊ द्यावी आणि पेटी तिला कुठे लागते का ते पाहावे. पेटी आणि काठी यांच्यात निदान दोन बोटे अंतर राहिले तर गार्ड आपले काम करील. काठी आधी पेटीला लागली तर तो गार्ड शोभेचा आहे. पेटीचे पोट वरच्या बाजूला फुगीर असते आणि गार्ड बहुधा खालच्या पुढच्या कोपऱ्याशी असतो, त्यामुळे नुसत्या नजरेला गार्ड बाहेर आलेला दिसला तरी काठी वेगळेच सांगते. माझ्या पहिल्या गार्डवर ही परीक्षा नंतर केली तेव्हा काठी गार्डला आणि पेटीच्या पोटाला एकाच वेळी लागली. म्हणजे क्लॅम्प फिरले नसते तरीही पेटीला मार बसलाच असता.

काठीचे हे गणित पुढच्या बाजूलाही लागू आहे, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. पडलेल्या गाडीला दोन आधार लागतात, एक पुढे आणि एक मागे. पुढे इंजिनजवळ भक्कम लेग गार्ड असेल तर भार वाटला जातो. नसेल तर गाडी मागच्या गार्डवर टेकून पुढच्या बाजूला कलते आणि हँडलचे टोक, क्लच किंवा ब्रेकचा दांडा व फूटरेस्ट जमिनीवर येतात. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाच्या गाड्यांमध्ये सिलिंडरच दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, ही रचना या कंपनीच्या १९२३च्या पहिल्या मोटारसायकलपासून चालत आली आहे. अशा गाडीचा पुढचा आधार तिच्या अंगातच असतो, आणि म्हणून तिथे आधी सिलिंडरच्या झाकणाला गार्ड लावावा लागतो. तात्पर्य असे की पुढे लेग गार्ड नसताना फक्त पेट्यांचे गार्ड घेणे हा अर्धवट खर्च आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी पुढचा गार्ड घ्यावा.

नळीविषयी थोडे सांगायला हवे, कारण जाहिरातीत जाडीवर भर असतो आणि व्यासाचा उल्लेख ओझरता येतो. नळीच्या भिंतीची जाडी दोन मिलिमीटर कायम ठेवून तिचा व्यास २२ वरून २८ मिलिमीटर केला, तर तिचा वाकण्याला होणारा विरोध दुपटीहून अधिक वाढतो आणि वजन मात्र साधारण ३० टक्केच वाढते. पोलादाची २२ मिलिमीटरची अशी नळी मीटरला सुमारे एक किलो भरते, २८ची सुमारे १.३ किलो. म्हणून दोन गार्डांमध्ये निवड करायची असेल तर मी जास्त व्यासाचा घेईन. तरीही नळीपेक्षा तिचे पाय कुठे रोवले आहेत हे महत्त्वाचे आहे. गार्डचा खालचा पाय फक्त मागच्या फूटरेस्टच्या ओतीव अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर असेल तर सावध असावे. ओतीव अॅल्युमिनियम फारसे वाकत नाही, ते तुटते. वरचा पाय मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे सीट व मागचे ओझे पेलणाऱ्या चौकटीवर, असणारच, पण सबफ्रेम हा चेसिसचा तुलनेने नाजूक भाग आहे, बऱ्याच गाड्यांमध्ये तो मुख्य चेसिसलाच वेल्ड केलेला असतो, आणि तो वाकला तर पेटीच्या किमतीचे दुःख विसरायला होते.

यातूनच एक उलटे वाटणारे तत्त्व निघते. गार्ड फार दणकटही नसावा. मार जास्त झाला तर आधी गार्डचे ब्रॅकेट वाकावे, मग नळी, आणि चेसिसपर्यंत काही पोहोचू नये. म्हणून जुळवणीसाठी दिलेले ८.८ दर्जाचे बोल्ट काढून त्याहून कडक बोल्ट घालण्याचा उत्साह मी टाळतो. बोल्टच्या डोक्यावरच्या ८.८ या आकड्याचा अर्थ असा की त्याची ताण सोसण्याची क्षमता ८०० मेगापास्कल आहे आणि तिच्या ८० टक्के ताणाला तो कायमचा ताणला जाऊ लागतो. एवढे बळ इथे पुरते.

दुसरा गार्ड याच कसोट्या लावून घेतला. नळी २८ मिलिमीटरची. खालचा पाय थेट चेसिसच्या बोल्टवर, वरचा सबफ्रेमच्या शेपटाजवळ, आणि मागच्या बाजूने डावा व उजवा गार्ड जोडणारी एक आडवी नळी. या आडव्या नळीमुळे एका बाजूचा मार दोन्ही बाजूंच्या जोडांवर वाटला जातो, आणि माझ्या मते ती नसलेला गार्ड घेऊच नये. सर्वांत बाहेरच्या बाकावर नायलॉनची जाड चकती आहे. ती घासून संपली की बदलता येते.

बसवायला एक तास लागेल असे माहितीपत्रकात लिहिले होते, मला तीन लागले. सायलेन्सरच्या बाजूचे ब्रॅकेट वेगळे आहे हे दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहिल्यावर समजले. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून सैलसर बसवावेत आणि मगच पान्याने आळीपाळीने आवळावेत. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलो की शेवटचे भोक तीन मिलिमीटर बाजूला राहते आणि मग लोक हातोडी शोधू लागतात. आठ मिलिमीटरचे बोल्ट मी टॉर्क पान्याने २५ न्यूटन-मीटरला आवळले आणि निळे थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावले. तरीही पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर तपासले तेव्हा दोन बोल्ट पाव फेरी फिरले. त्यानंतर ते हललेले नाहीत.

या गार्डची पहिली परीक्षा पावसानंतरच्या मऊ जमिनीवर झाली. गाडी साइड स्टँडवर उभी करून मी दहा पावले गेलो असेन, मागे थप्प असा आवाज आला. स्टँड रुतला होता. गाडी गार्डवर आणि पुढच्या लेग गार्डवर व्यवस्थित विसावली होती. पेटी आणि चिखल यांच्यात हात घालता येईल एवढी जागा होती. दुसऱ्या वेळी खडीच्या उतारावर वळताना उजवीकडे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला पडली. या वेळी मार अधिक होता. नायलॉनची चकती अर्धी घासली, खालचे ब्रॅकेट पाच-सहा मिलिमीटर वाकले, आणि पेटीवर एका दगडाची बारीक रेघ उमटली. झाकण मात्र नेहमीसारखे टक् असे बंद झाले. त्या एका आवाजासाठीच तर हे पैसे घातलेले असतात.

आणखी एक फायदा विकत घेताना माझ्या लक्षात आला नव्हता. गाडी अर्धवट तिरकी अडून राहिल्यामुळे उचलायला सोपी जाते. ढोबळ हिशेबाने ४५ अंशांवर अडलेली गाडी उचलायला सुरुवातीला लागणारा जोर, ती पूर्ण आडवी झाली असती तर लागला असता त्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो. त्यापेक्षाही हँडल हाताच्या उंचीवर येते आणि कमरेतून फार वाकावे लागत नाही, हे एकट्याने प्रवास करणाऱ्याला जास्त मोलाचे आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर हे काम कडक पेट्याही करतात, फक्त स्वतःच्या जिवावर करतात. गाडी ट्रकवर चढवताना पट्टे बांधायलाही गार्ड चांगला उपयोगी पडतो.

आता वेगातील पडण्याबद्दल. इथे गार्डकडून फारशी अपेक्षा धरू नये, आणि स्वतःच्या पायाच्या रक्षणाची तर मुळीच धरू नये. हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मोटारसायकल अपघातांच्या प्रसिद्ध अभ्यासाचा अहवाल १९८१ मध्ये निघाला. त्यात क्रॅश गार्डविषयी असा निष्कर्ष आहे की पाऊल व घोटा यांच्या जखमा जेवढ्या कमी होतात, तेवढ्याच मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या जखमा वाढतात. तो अभ्यास पुढच्या गार्डांबद्दल आहे, पण त्यातून घ्यायचा बोध मागच्या गार्डलाही लागू पडतो. घसरत जाणाऱ्या गाडीच्या गार्डचे एखादे उघडे टोक जमिनीत अडकले तर गाडी घसरत राहण्याऐवजी उलटू शकते. म्हणून गार्डची नळी सलग वळलेली असावी, कुठेही कापलेले टोक किंवा बाहेर आलेला बोल्ट नसावा. कडक पेट्यांचा एक स्वतंत्र धोकाही इथे सांगून ठेवतो: कच्च्या रस्त्यावर हळू चालवताना पाय खाली टेकवला तर तो मागे ओढला जाऊन पेटीखाली सापडू शकतो. गार्डची पुढे आलेली नळी या बाबतीत मदत करीत नाही, उलट तिची कड पोटरीच्या आणखी जवळ येते.

कापडी बॅगा वापरणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना पडण्यापासून संरक्षण देणारा गार्ड जवळजवळ निरुपयोगी आहे. बॅग दबते आणि पुन्हा फुगते, आत मोडण्यासारखे काही नसले म्हणजे झाले. त्यांना लागतो तो सॅडल स्टे, म्हणजे बॅगेला आतून टेकू देणारी सळईची चौकट, आणि ती ऐच्छिक वस्तू नाही. लोंबणारी बॅग चाकात गेली तर चाक अडकते. सायलेन्सरला टेकली तर नायलॉन, जे प्रकारानुसार २२० ते २६० अंश सेल्सियसला वितळते, त्याच्या कितीतरी आधी मऊ होऊन चिकटू लागते. ही चौकट साधी, हलकी आणि स्वस्त असते, आणि ती घेताना पॉलिशकडे पाहण्याचे कारण नाही. पेट्यांच्या कोपऱ्यांना चिकटवण्याचे रबरी तुकडेही मिळतात. भिंतीला घासण्यापासून ते रंग वाचवतात, पडण्याशी त्यांचा संबंध नाही.

रोजच्या वापरात दुसऱ्या गार्डने मला काही त्रासही दिला आहे. आडव्या नळीसह दोन्ही बाजूंचे वजन सहा किलोंच्या पुढे जाते, आणि हे सगळे वजन मागे, म्हणजे जिथे आधीच ओझे असते तिथे पडते. वाहनाच्या माहितीपुस्तकात एकूण भाराची आणि प्रत्येक पेटीच्या भाराची मर्यादा दिलेली असते. गार्डचे वजन एकूण भारातून वजा करायचे असते हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाडीची मागची बाजू हँडलपेक्षा रुंद झाली आहे. आपली सवय अशी की हँडल गेले म्हणजे गाडी गेली, आणि त्या सवयीमुळे मी पहिल्या महिन्यात दोन फाटकांच्या खांबांवर काळा रंग ठेवून आलो. मागचे चाक काढायचे तर माझ्या गाडीत सायलेन्सर सैल करावा लागतो, आणि आता त्याआधी उजवा गार्ड उतरवावा लागतो; पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला हे दोन जादा बोल्ट फार मोठे वाटतात. ते उघडण्याच्या मापाचा पाना गाडीच्या मूळ हत्यारांत नव्हता, तो वेगळा ठेवला आहे. नळीच्या खालच्या बाकात पाणी साचून आतून गंज धरू लागला होता, म्हणून तळाला बारीक भोक पाडून घेतले. निर्मात्यानेच ते द्यायला हवे होते.

तेव्हा घ्यावेत की नाही? गाडी वजनदार असेल, पेट्या कडक आणि कायमच्या बसवलेल्या असतील, पुढे लेग गार्ड असेल आणि वाटेत कच्चे रस्ते किंवा अनोळखी उतारावर गाडी उभी करणे वारंवार येत असेल, तर घ्यावेत. माझ्या बाबतीत दोन्ही बाजूंच्या गार्डांना मिळून एका पेटीहून कमी खर्च आला आणि दोनदा पेटी वाचली. वर्षातून एखाद्या सहलीपुरत्या पेट्या लावून एरवी काढून ठेवणाऱ्याने घेऊ नयेत. त्याने साइड स्टँडच्या तळाला रुंद पाया बसवून घ्यावा. तो तळहाताएवढा पत्रा माझ्याकडे वेळेवर असता तर तीनपैकी एक पडझड झालीच नसती, आणि त्याची किंमत गार्डच्या तुलनेत किरकोळ आहे. जड सामान पेटीच्या तळाशी व पुढच्या बाजूला ठेवणे आणि दोन्ही पेट्या ताणकाट्यावर तोलून सारख्या भरणे, याला तर काहीच पैसे पडत नाहीत.

माझे उजवे ब्रॅकेट वाकलेले आहे, त्यामुळे गार्ड त्या बाजूला किंचित खाली झुकला आहे आणि काठी लावून पाहिली तर दोन बोटांच्या जागी आता एकच बोट अंतर उरले आहे. या निर्मात्याकडे ब्रॅकेट सुटे मिळते, पूर्ण गार्ड घ्यावा लागत नाही. पहिल्या गार्डचा एकही भाग सुटा मिळत नव्हता. नवे ब्रॅकेट मागवले आहे. ते येईपर्यंत उजवी पेटी हलकी भरतो आणि उतारावर गाडी डावीकडे झुकलेली राहील अशीच उभी करतो.